माऊ आजारी आहे. चार-सहा महिने काढाल?

कट्ट्यावरच्या मांजराच्या नाकावर जखम दिसली की कुणी आपलं क्रीम चोपडतं, कुणी त्याला गेटबाहेर काढा म्हणतं. दोन्ही चूक. का, ते समजून घ्यायला जरा ब्राझीलपर्यंत जावं लागेल.

तुमच्या कॉलेजमध्ये एक तरी मांजर असणारच. कँटीनच्या मागे, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, नाहीतर हॉस्टेलच्या मेसजवळ. त्याला नाव असतं, त्याचे फॅन असतात, त्याच्यावर रील्सही निघतात. मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं, की त्याच्या नाकावर जखम आहे. बोक्यांची मारामारी झाली असेल, असं म्हणून सगळे सोडून देतात. आठवड्याने बघावं तर जखम वाढलेली. कानाच्या टोकावर आणखी एक, पंजावर तिसरी.

आता ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘बिचारं ते!’ आणि बॅगेतलं स्वतःचं खाजेचं मलम काढून त्याच्या नाकावर लावते. दुसरी म्हणते, ‘ईऽऽ, सगळ्यांना होईल. पोत्यात घालून लांब सोडून या.’ पहिल्या पार्टीचं मन चांगलं आहे आणि दुसरीची भीती अगदीच खोटी नाही. पण दोघींच्या उपायांनी आजार जिथल्या तिथे राहतो, किंवा आणखी चार गल्ल्या पुढे जातो. हे नुसतं तर्कानं म्हणत नाहीये. एका अख्ख्या शहरानं ते गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत अनुभवलंय.

बुरशी म्हणजे पावावरची तीच का?

त्याच खानदानातली म्हणा. बुरशीच्या बहुतेक जाती आपल्या वाटेला जात नाहीत. त्या माती, लाकूड, पालापाचोळा कुजवत आपलं काम करत असतात. पण काहींना प्राण्यांच्या शरीरात राहायची युक्ती साधली आहे. त्यांच्यापैकी एक म्हणजे स्पोरोथ्रिक्स. माती आणि सडक्या लाकडात ती तंतूंच्या रूपात वाढते. काटा टोचून किंवा खरचटून ती त्वचेखाली गेली, की शरीराच्या उबेत रूप बदलते आणि यीस्टसारख्या सुट्या पेशी होऊन वाढायला लागते. तिच्यामुळे होणारा आजार म्हणजे स्पोरोट्रायकोसिस.

हा आजार नवा नाही. १८९८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये बेंजामिन शेंक यांनी त्याची पहिली नोंद केली. पुढे गुलाबाच्या काट्यांमुळे माळीकाम करणाऱ्यांना तो होतो म्हणून ‘गुलाबवाल्यांचा आजार’ अशीच त्याची ओळख झाली. १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींमध्ये सुमारे तीन हजार कामगारांना तो झाला. खाणीला आधार द्यायला लावलेल्या लाकडी खांबांवर बुरशी वाढली होती. लाकडावर बुरशीनाशक मारलं आणि साथ आटोक्यात आली.

तिथे आजाराचं घर लाकूड होतं, म्हणून हे जमलं. रिओ दि जानेरोमध्ये त्याचं घर मांजर झालं, आणि गोष्ट अवघड झाली.

रिओमध्ये काय झालं?

रिओमध्ये फिओक्रूझ नावाची मोठी सरकारी संशोधन संस्था आहे. १९०० मध्ये प्लेगवरची लस तयार करण्यासाठी ती सुरू झाली. आपल्याकडे परळला हाफकिन संस्थाही प्लेगच्याच धाकानं १८९९ मध्ये उभी राहिली होती, तशीच तीही. १९९८ पासून फिओक्रूझच्या डॉक्टरांना एक वेगळाच पॅटर्न दिसायला लागला. हातावर गाठ, गाठीची जखम आणि तिथून वर दंडाकडे माळेसारख्या सरकत गेलेल्या गाठी. असे पेशंट एकामागून एक येऊ लागले. त्यांतले बरेच जण बागकामाच्या वाटेला गेलेले नव्हते. त्यांच्या घरी मात्र मांजर होतं. आजारी मांजर.

पेशंटमध्ये घर सांभाळणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. कारण साधंच आहे. आजारी मांजराला पोटाशी कोण घेतं, जखम कोण पुसतं, औषध कोण पाजतं? घरातली बाईच. ओरखडा तिलाच बसणार.

पुढच्या वर्षांत रिओ आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये हजारो मांजरं आणि हजारो माणसं आजारी पडली. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी या बुरशीला वेगळी जात म्हणून नाव दिलं, स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस. २०१३ मध्ये रिओ राज्यानं माणसांमधल्या प्रत्येक केसची सरकारी नोंद सक्तीची केली. तोवर साथ शहराच्या हाताबाहेर गेली होती. ब्राझीलच्या इतर राज्यांत, मग अर्जेंटिना, पराग्वे, चिलीपर्यंत ही बुरशी जाऊन पोचली. ब्रिटनमध्येही एक आई, तिची मुलगी आणि त्यांच्या मांजरावर उपचार करणारे पशुवैद्य अशा तिघांना तिनं गाठलं. ते कुटुंब मांजराला घेऊन ब्राझीलहून तिथे राहायला आलं होतं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती.

मांजरच का?

मांजराच्या सवयी आठवा. झाडाच्या खोडावर नखं घासणं, माती उकरून त्यात शी पुरणं, रात्रभर भटकणं आणि हद्दीवरून भांडणं. बुरशीला याहून चांगलं वाहन कुठलं मिळणार? नखात माती, मातीत बुरशी, आणि नख दुसऱ्याच्या नाकावर. म्हणूनच नसबंदी न झालेले, बाहेर भटकणारे बोके या आजारात जास्त सापडतात.

दुसरं कारण मांजराच्या शरीरात आहे. माणसाच्या जखमेत या बुरशीच्या पेशी अगदी थोड्या सापडतात, कधी कधी शोधाव्या लागतात. मांजराच्या जखमेत त्या अक्षरशः बुजबुजलेल्या असतात. शिवाय नाकाच्या आत जखमा झालेल्या असतील तर शिंकेतूनही त्या बाहेर पडतात. म्हणजे इथे काट्याची, लाकडाची गरजच संपली. मांजराकडून मांजराला, मांजराकडून माणसाला, थेट.

इथपर्यंत वाचून ‘पोत्यात घाला’वाली पार्टी म्हणेल, बघा, आम्ही तेच सांगत होतो! थांबा. साथ एवढी का पसरली, हे अजून यायचंय.

जखम भरली म्हणजे बरं झालं?

मांजराचा हा आजार बहुतेक वेळा बरा होतो. इट्राकोनाझोल नावाचं बुरशीविरोधी औषध त्यावर चालतं, गरज पडली तर सोबत पोटॅशियम आयोडाइड देतात. अडचण आहे ती वेळेची. उपचार काही आठवडे नाही, काही महिने चालतात. आणि जखमा भरून आल्या, केस उगवले, मांजर उड्या मारायला लागलं, तरी त्यापुढे किमान महिनाभर औषध चालू ठेवावं लागतं.

एवढा वेळ का? बारावीचं बायोलॉजी आठवा. बॅक्टेरियाची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी, त्यामुळे अँटिबायोटिक तिला वेगळं काढून मारू शकतं. बुरशीच्या पेशीची रचना मात्र आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे, केंद्रक वगैरे सगळं तिलाही असतं. बुरशीला मारेल पण मांजराला किंवा माणसाला धक्का लावणार नाही, अशी औषधं म्हणूनच मोजकी आहेत आणि ती हळूहळू काम करतात. यकृतावर ताण येतोय का, तेही मधूनमधून बघावं लागतं. अँटिबायोटिकचा तर बुरशीवर परिणामच होत नाही. अँटिबायोटिक देऊनही मांजराची जखम भरत नसेल, तर तीच एक खूण समजा.

आता रिओच्या गरीब वस्तीतलं घर डोळ्यांसमोर आणा. मांजर अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर मोकळं फिरणारं. औषधाचा खर्च आहे, दवाखाना लांब आहे. दीड-दोन महिन्यांत जखम सुकते. घरच्यांना वाटतं, झालं बरं. औषध थांबतं. काही दिवसांनी जखम पुन्हा उघडते, आणि तोवर मांजर चार बोक्यांशी भांडून आलेलं असतं. दुसऱ्या एखाद्या घरी मुलाच्या हातावर गाठ येते, सगळे घाबरतात आणि मांजर दुसऱ्या वस्तीत नेऊन सोडलं जातं. तिसऱ्या घरात ते मरतं, त्याला परसात पुरतात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकतात. बुरशी पुन्हा मातीत. आजारानं मेलेल्या मांजराचं दहन करा, असं तिथले डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

या प्रत्येक घरानं आपल्यापुरता प्रश्न सोडवला होता. शहराचा मात्र वाढवला. मांजर लांब सोडून येणं म्हणजे आजाराला तिकीट काढून देणं, हे रिओला फार महागात पडून कळलं.

आपल्याकडे काय?

पॅनिक होऊ नका. ब्राझीलसारखी मांजरांमधली साथ आपल्याकडे आलेली नाही. भारतात स्पोरोट्रायकोसिस आहे, पण तो मुख्यतः हिमाचल प्रदेश, हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा आणि ईशान्येकडे दिसतो. तिथे तो जुन्याच वाटेनं होतो, म्हणजे काटे, लाकूड, माती, शेतीकाम. मात्र आशियात मांजरांना हा होतच नाही, असंही नाही. मलेशियात मांजरांमध्ये स्पोरोथ्रिक्सचीच दुसरी एक जात सापडते.

आपल्याकडच्या मांजरवाल्यांची गाठ जास्त वेळा पडते ती वेगळ्याच बुरशीशी. मायक्रोस्पोरम कॅनिस तिचं नाव, आणि तिच्यामुळे होतं ते गजकर्ण. मांजराच्या कानामागे, तोंडावर, पायावर केस गळून गोल चट्टे पडतात, कोंडा दिसतो. पिल्लांना आणि पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांना हे जास्त होतं. गंमत म्हणजे काही मांजरांच्या अंगावर काहीच दिसत नाही, पण केसांमध्ये बुरशी असते. ऑनलाइन फोटो बघून पर्शियन पिल्लू घेतलं आणि पंधरा दिवसांत तुमच्या हातावर गोल, खाजरा चट्टा उठला, तर संशयाला जागा आहे.

हे गजकर्ण स्पोरोट्रायकोसिसइतकं भयंकर नाही. पण चिवटपणात ते कमी नाही. गळलेल्या केसांवर बुरशीचे बीजाणू चादरीत, सोफ्यावर, कंगव्यात महिनोन्महिने टिकतात. म्हणजे मांजराला औषध आणि घराला झाडू-व्हॅक्यूम-धुणं, दोन्ही एकदम चालवावं लागतं. इथेही चट्टा गेला म्हणून थांबायचं नसतं, केसांची कल्चर टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत उपचार चालवायचे असतात.

पण प्रत्येक गजकर्णाचं खापर मांजरावर फोडू नका. गेल्या काही वर्षांत भारतात माणसांमध्ये गजकर्णाची जी चिवट लाट आलीय, ती माणसाकडून माणसाला, घट्ट कपड्यांतून, शेअर केलेल्या टॉवेलमधून पसरते. तिला बळ दिलंय आपल्या आवडत्या मलमांनी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘थ्री इन वन’ क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. हेच क्रीम तुम्ही मांजराच्या नाकावर लावता, तेव्हा तिथेही तेच होतं. वर ते मांजर ते चाटून पोटात घेतं ते वेगळंच.

आणि एक आजार असा आहे, ज्यात मांजर पूर्ण निर्दोष आहे. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि काही झाडांच्या खोडात वाढते. श्वासातून ती आत गेली की मांजराचं नाक सुजून वर येतं, कधी दृष्टी जाते, कधी झटके येतात. हा आजार मांजराकडून तुम्हाला होत नाही. पण ज्या हवेत ते श्वास घेतं त्याच हवेत तुम्हीही घेताय. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावर १९९९ पासून या बुरशीच्या एका जातीची साथ आली, तेव्हा माणसांसोबत कुत्री-मांजरंही आजारी पडली. त्यांच्या आजारावरून बुरशी कुठे आहे याचा माग काढायला मदत झाली.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, जखमेला नाव तुम्ही देऊ नका. नाकावरची न भरणारी जखम ही बुरशी असेल, साधा मार असेल किंवा आणखी काही. ऊन लागून पांढऱ्या मांजरांना नाका-कानावर कॅन्सरही होतो. पशुवैद्य जखमेतला द्रव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, कल्चरला पाठवतात, गजकर्णासाठी केस तपासतात किंवा विशिष्ट निळसर-जांभळा दिवा टाकून बघतात. गूगल लेन्स यातलं काही करू शकत नाही.

खासगी व्हेटची फी परवडत नाही? रास्त आहे. महाराष्ट्रात सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबईत परळला, साताऱ्याकडे शिरवळला, नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोल्यात. तिथे तुमच्याच वयाची मुलंमुली हे शास्त्र शिकतायत. जवळ कुठलं आहे बघा, ओपीडीची वेळ विचारा.

दुसरी गोष्ट, स्वतःला सांभाळा. जखम झालेल्या मांजराला उचलताना हातमोजे घाला, जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, तोंडाजवळ तोंड नेऊ नका. ओरखडा बसला किंवा चावलं, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. बुरशीचं नंतर बघू, आपल्या देशात आधी रेबीजचा विचार करावाच लागतो. नंतर काही आठवड्यांत तिथे न भरणारी गाठ आली, तर डॉक्टरांना ‘मांजराचा ओरखडा होता’ हे आपणहून सांगा. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या, एचआयव्ही असलेल्या किंवा स्टेरॉइडवर असलेल्या मित्रानं अशा मांजराची देखभाल अंगावर घेऊ नये. त्यांच्यात अशी बुरशी त्वचेच्या पलीकडे, शरीरभर पसरू शकते.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे औषध पूर्ण करणं. प्रामाणिकपणे विचार करा. पहिल्या आठवड्यात गोळी द्यायला दहा जण असतात. दुसऱ्या महिन्यात सबमिशन्स येतात, तिसऱ्यात परीक्षा, मग सुट्टी. रूम पार्टनर गावी जातो, भाड्याच्या फ्लॅटचा करार संपतो, घरमालक कुरकुर करतो. आणि सेमिस्टरच्या शेवटी मांजर खाली पार्किंगमध्ये सोडलं जातं, अर्ध्या उपचारांसकट. रिओच्या वस्तीत आणि आपल्या फ्लॅटमध्ये या घडीला काहीच फरक उरत नाही. तिथे पैसे नव्हते, आपल्याकडे कॅलेंडर नसतं.

म्हणून गोळी सुरू करायच्या आधीच वाटणी करा. दिवाळीच्या सुट्टीत कोण राहणार? मे महिन्यात मांजर कुणाच्या घरी जाणार, आणि त्या घरी आईबाबांना विचारलंय का? खर्चाचा महिन्याचा वाटा किती? ग्रुपवर रोज ‘दिली’ असं कोण टाकणार? कुणालाच जमणार नसेल, तर ते आत्ताच मान्य करा आणि प्राणिमित्र संस्थेशी आधी बोला. मांजर उपाशीतापाशी हाल होतील असं सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. आणि बरं झाल्यावर त्याची नसबंदी करून घ्या. भटकणं आणि मारामाऱ्या कमी झाल्या, की पुढच्या जखमाही कमी होतात.

मांजर आडवं गेलं की आपल्याकडे माणसं दोन पावलं मागे सरतात. कट्ट्यावरचं हे आजारी मांजर आडवं आलंच, तर तुम्ही निदान थांबा. फोटो काढा, तो रील्सवर न टाकता जवळच्या पशुवैद्याला दाखवा, आणि ग्रुपवर विचारा, ‘पुढचे चार-सहा महिने कोण कोण आहे?’

हे पक्कं लक्षात ठेवा

• दोन आठवड्यांत न भरणारी, वाढणारी किंवा अँटिबायोटिकला दाद न देणारी जखम म्हणजे तपासणी हवीच.

• माणसांचं खाजेचं क्रीम, टी-ट्री ऑइल, फिनाइल यांपैकी काहीही मांजराच्या अंगावर लावायचं नाही. टी-ट्री ऑइल आणि फिनॉल मांजरांसाठी विषारी आहेत.

• माणसांची गोळी अंदाजानं तोडून द्यायची नाही. डोस पशुवैद्यच ठरवणार.

• गोळी तोंडात कोंबायला गेलात तर ओरखडा ठरलेला. कॅप्सूल उघडून ओल्या खाण्यात मिसळता येईल का, ते पशुवैद्यांना विचारा.

• उपचार चालू असताना मांजर एका खोलीत, इतर मांजरांपासून वेगळं. अंथरूण, टॉवेल, कंगवा वेगळा. लहान मुलं लांब.

• मांजर ठीक दिसतंय म्हणून औषध बंद नाही. पशुवैद्य ‘थांबवा’ म्हणतील तेव्हाच.